मेजर पूअरच्या ९१.२३ मागचा हिशेब

१८९९ च्या इंग्लिश हंगामात २१ डाव, ४ वेळा नाबाद, १५५१ धावा, सरासरी ९१.२३. रॉबर्ट पूअरचं नाव निघालं की हाच आकडा सांगितला जातो. पण तो ब्रिटिश लष्कराच्या सातव्या हुसार्सचा, म्हणजे घोडदळाचा अधिकारी होता. रजा मिळेल तेव्हाच काउंटी क्रिकेट. हे ध्यानात ठेवल्याशिवाय त्याचे आकडे वाचू नयेत.

सहा फूट चार इंच उंची. त्याने क्रिकेट मनावर घेतलं ते हिंदुस्थानात आल्यावर, तेही बरंचसं पुस्तकं वाचून. लॉर्ड हॅरिस मुंबईचे गव्हर्नर असताना तो युरोपियनांकडून पारशांविरुद्ध खेळला. पुढे रेजिमेंट दक्षिण आफ्रिकेत गेली आणि १८९५-९६ मध्ये गडी चक्क इंग्लंडविरुद्ध, दक्षिण आफ्रिकेकडून, ३ कसोट्या खेळला. सहा डावांत फक्त ७६ धावा. समोर इंग्लंडचा भेदक गोलंदाज जॉर्ज लोहमन होता, त्यामुळे या अपयशावरून त्याला जोखणं मला पटत नाही.

आता १८९९. १२ जून ते १२ ऑगस्ट या दोन महिन्यांत हॅम्पशायर या इंग्लिश काउंटीसाठी १६ डावांत १३९९ धावा, ७ शतकं. पोर्ट्समथला सॉमरसेट काउंटीविरुद्ध १०४ आणि नाबाद ११९. मग जुलैमध्ये टाँटनला पुन्हा सॉमरसेटच समोर. त्यांच्या ३१५ ला उत्तर देताना पूअर आणि कॅप्टन टेडी विनयार्ड, दोघेही लष्करातले, सहाव्या विकेटसाठी ४११ धावा जोडून गेले. पूअर ३०४, विनयार्ड २२५. हॅम्पशायरने ७ बाद ६७२ वर डाव सोडला आणि सामना डावाने जिंकला. हॅम्पशायरचा तो वैयक्तिक उच्चांक १९३७ मध्ये डिक मूरने ३१६ करेपर्यंत टिकला.

या तीन डावांच्या धावा होतात ५२७, म्हणजे हंगामाच्या एक तृतीयांशाहून जास्त. सॉमरसेट बाजूला काढलं तर उरतात १०२४ धावा, १५ वेळा बाद, सरासरी ६८.२७. तेव्हाच्या खेळपट्ट्या पावसात उघड्याच असत. तिथे ही सरासरीसुद्धा जबरदस्त आहे. त्यामुळे ‘एकाच कमजोर गोलंदाजीवर हात धुऊन घेतले’ हा आक्षेप मी मानत नाही.

बरं, हा नुसता फलंदाज नव्हता. पोलो, टेनिस, तलवारबाजी सगळ्यांत अव्वल.

ऑक्टोबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि डच वंशाचे बोअर यांच्यात बोअर युद्ध पेटलं आणि ऐन फॉर्मात असलेला पूअर आफ्रिकेत परतला. तिथे तो प्रोव्होस्ट मार्शल, म्हणजे लष्करी पोलिसांचा प्रमुख झाला. २७ फेब्रुवारी १९०२ ला प्रिटोरियात मोरंट आणि हँडकॉक या ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या दोन अधिकाऱ्यांना, बोअर कैद्यांच्या हत्येबद्दल दोषी ठरवून, गोळ्या घातल्या गेल्या. त्या प्रकरणाचे अभ्यासक आजही पूअरची डायरी चाळतात. फलंदाजीला पुन्हा ती लय सापडली नाही. सगळी प्रथम श्रेणी कारकीर्द ५५ सामन्यांची: ३४४१ धावा, सरासरी ३८.६६, ११ शतकं. त्यातली ७ त्या दोन महिन्यांतली.