मरतुकीचे कारण यकृतात सापडले

ऐन अंड्यावर असलेल्या माझ्या कळपातल्या वजनदार कोंबड्याच एकेक करून मरू लागल्या, तेव्हा मला साथीच्या रोगाची धास्ती वाटली. आदल्या दिवशी अंडे दिलेली, पोटभर खाल्लेली कोंबडी सकाळी पिंजऱ्यात मरून पडलेली असे आणि तिचा तुरा पांढुरका झालेला असे. पशुवैद्यांनी माझ्यासमोर शवविच्छेदन केले. पोटात चरबीचा जाड थर होता. यकृत सुजून फिकट पिवळे झाले होते, बोटाने दाबताच लोण्यासारखे फुटत होते, आणि त्याच्या कडेला पडलेल्या चिरेतून वाहिलेल्या रक्ताची मोठी गुठळी झाली होती.

खाद्यात मी तेल घालतच नव्हतो, मग एवढी चरबी आली कोठून, असे मी विचारले. ‘मक्यातून,’ एवढेच ते म्हणाले. त्या उत्तराने मला स्वस्थ बसू दिले नाही आणि हा विषय मी मुळापासून समजून घेतला.

मक्यातील पिष्टाची लहान आतड्यात साखर होते आणि ती रक्तात जाते. कोंबडीच्या रक्तात एरवीही दर डेसिलिटरला २०० मिलिग्रॅमहून अधिक साखर असते. माणसात हा आकडा मधुमेहाचा मानला जाईल, तिच्यासाठी तो नेहमीचा आहे. गरजेपेक्षा जास्त झालेल्या साखरेची चरबी बनते, पण पक्ष्यांमध्ये हे काम जवळजवळ सगळे यकृतच करते. चरबीच्या पेशी ती मुख्यतः साठवून ठेवतात. अंड्यावर आलेल्या कोंबडीत इस्ट्रोजेन या मादी संप्रेरकामुळे या कामाला आणखी जोर येतो, कारण एका बलकात सुमारे ५ ग्रॅम चरबी लागते आणि ती यकृतातून रक्तावाटे अंडाशयात पोहोचते. ही चरबी यकृताबाहेर काढायला प्रथिने आणि कोलीन हे जीवनसत्त्वासारखे पोषकद्रव्य लागते. त्यांचा पुरवठा अपुरा पडला, किंवा चरबी बनण्याचा वेग नेण्याच्या वेगापेक्षा वाढला, की ती तिथेच साचते.

उपाय ऐकून मात्र मी गोंधळलो: मका कमी करायचा आणि त्याच्या ऊर्जेचा काही भाग वनस्पती तेलातून द्यायचा. चरबीवर उतारा म्हणून तेल, हे मला बराच काळ पटेना. पण आयते मिळालेले तेल यकृताला नव्याने बनवावे लागत नाही आणि साखर कमी आल्याने त्याच्यावरचा ताण उतरतो. अट एकच, एकूण ऊर्जा वाढता कामा नये. तेलातून वजनास वजन दुपटीहून अधिक ऊर्जा मिळत असल्याने मापात थोडी जरी चूक झाली तरी चालत नाही. त्यामुळे तेल मी दर वेळी स्वतः तोलून घातले, सोबत कोलीन आणि मेथिओनिन (प्रथिनांचा एक घटक) दिले, आणि दर आठवड्याला ठरावीक कोंबड्यांचे वजन करून नोंद ठेवली.

मरतुक हळूहळू कमी होत थांबली. पुढे एक कोंबडी जाळीत मान अडकून दगावली, तेव्हा तिचेही शवविच्छेदन मी करवून घेतले. यकृत तांबूस तपकिरी होते, त्याच्या कडा धारदार होत्या, आणि बोटाने दाबूनही ते फुटले नाही.