हीथ्रो ते स्किपोल: 371 किलोमीटर आणि न जुळणारी मिनिटे

सिम्युलेटरमधल्या उड्डाणाला किती वेळ लागेल, याचा अंदाज मी नोंदवहीत मांडतो. त्यासाठी अंतर कोणत्या सूत्राने काढायचे, हा वाद आता मिटला आहे. पृथ्वीला गोल मानणाऱ्या हॅवरसाईनने लंडनचे हीथ्रो ते ॲमस्टरडॅमचे स्किपोल हे ग्रेट सर्कल अंतर (पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे सर्वांत कमी अंतर) 370 किलोमीटर येते, तर तिचा चपटेपणा हिशेबात धरणाऱ्या व्हिन्सेन्टीने 371, म्हणजे 200 नॉटिकल मैल. फरक जेमतेम किलोमीटरभराचा असला तरी व्हिन्सेन्टी मी कायम ठेवले आहे, कारण नेमका आकडा हाती असण्याचे समाधान वेगळेच असते.

वेळेचे कोडे मात्र सुटत नव्हते. 450 नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) ग्राउंड स्पीडने, म्हणजे जमिनीच्या तुलनेतल्या वेगाने, हे अंतर 27 मिनिटांत संपते. वेळापत्रक मात्र गेट ते गेट सव्वा तासाच्या आसपास धरते. (लंडनचे घड्याळ एक तास मागे असते, म्हणून दोन्ही वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणल्याखेरीज तुलना करू नये.) चढाई, उतरण, 10,000 फुटांखालची 250 नॉटची मर्यादा आणि टॅक्सी (विमानाचे जमिनीवरचे चालणे) यांसाठी आपण जी ठरावीक मिनिटे मिळवतो, ती लांबच्या मार्गांवर खपून जातात, इथे मात्र तीच निम्म्याहून अधिक असल्यामुळे अंदाज रोज वेगळ्या बाजूला कलंडत होता.

या वेळी नोंदवहीत वाऱ्याशेजारी धावपट्टीचा रकाना घातला आणि गाठ सुटली. पश्चिमेचा वारा असला की हीथ्रोवर 27 क्रमांकाची, पश्चिमेकडे तोंड असलेली धावपट्टी वापरात असते, म्हणजे विमान ॲमस्टरडॅमकडे पाठ करून उडते आणि मग उजवीकडे वळून ब्रुकमन्स पार्क हा मार्गावरचा बिंदू गाठते. 30 नॉटचा पाठचा वारा वाटेत दोन मिनिटेही वाचवत नाही, आणि तेवढी तर या वळणातच जातात. पुढे स्किपोलला पोल्डरबान ही धावपट्टी मिळाली, तर खरी परीक्षा. 2003 मध्ये सुरू झालेली ही 3,800 मीटरची धावपट्टी टर्मिनलपासून इतकी दूर आहे, की उतरल्यावर ए5 महामार्गावरचा पूल ओलांडून गेटपर्यंत पोहोचायला पाव तास लागू शकतो. त्याच दिशेची झ्वानेनबर्गबान मिळाली की टॅक्सी कितीतरी आटोपशीर होते. विकत घेतलेल्या एका सीनरीत (सिम्युलेटरसाठीच्या विमानतळाच्या प्रतिकृतीत) नेमका हाच टॅक्सीवे तुटका होता आणि विक्रेत्याने पत्राला उत्तर दिले नाही. फुकट मिळालेली सीनरी त्याहून सरस ठरली. वारा आणि इंधन यांच्या हिशेबासाठी सिमब्रीफ हे उड्डाण-नियोजनाचे साधनच वापरावे, असे माझे ठाम मत आहे.

परतीच्या वाटेवर लॅम्बोर्न इथल्या होल्डिंगचा (उतरण्याची पाळी येईपर्यंत हवेत घिरट्या घालण्याचा) वेगळा रकाना केला आहे. तिथला एक फेरा साधारण चार मिनिटांचा धरावा. हे सगळे वेगळे काढल्यावर परवाचा अंदाज आणि प्रत्यक्ष ब्लॉक टाइम (गेट ते गेट वेळ) तंतोतंत जुळले, आणि तो आकडा मी बराच वेळ पाहत बसलो.

पुढे मेटार या विमानतळाच्या हवामान अहवालातल्या वाऱ्यावरून धावपट्टी आपोआप ठरवायची, असा बेत होता. पण हे लिहिताना लक्षात आले, की स्किपोलची निवड गोंगाटाच्या नियमांवरही अवलंबून असते, तेव्हा तिथे धावपट्टी हातानेच भरलेली बरी. हीथ्रोवर मात्र पश्चिमेचा वारा असताना उतरण्याची धावपट्टी दुपारी तीनला बदलते. तेवढे घड्याळावर सोपवता येईल. त्यामुळे हेलसिंकी–लिस्बन या मार्गाचा हिशेब तूर्त बाजूला ठेवून आधी हा रकाना पुरा करतो. ज्यांच्याकडे स्किपोलच्या धावपट्टीसह टॅक्सीच्या नोंदी असतील, त्यांनी त्या अवश्य पाठवाव्यात.