टाचा टेकवून

दुपारी खिडकीशी उभे राहून समोर वाढत चाललेल्या इमारतीचे मजले मोजण्याचा मला नाद आहे. बोट हवेत एकेका स्लॅबवरून वर सरकवत न्यावे आणि विसाव्या-बाविसाव्या मजल्याशी डोळा हमखास घसरावा, की पुन्हा तळापासून सुरुवात. आज तेवीस भरले. पण वर क्रेन उभी होती आणि ती उंचीत धरायची की नाही, यापाशी माझी गाडी अडली.

हा वाद आमच्या घरात जुनाच होता. दाराच्या चौकटीला पाठ लावून आम्हा भावंडांना उभे केले जाई, आई डोक्यावर आडवी पट्टी धरून पेन्सिलीने रेघ ओढी, आणि धाकट्याचे राठ, उभे केस उंचीत धरायचे नाहीत यावर मी अडून बसे. पट्टी दाबून धर, हा माझा धोशा; त्यावर त्याने काढलेला तोडगा म्हणजे, आईची नजर रेघेकडे गेली की हळूच टाचा उचलणे.

न्यूयॉर्कमध्ये १९२९ साली क्रायस्लर इमारतीने दुसरे काय केले? छप्पन्न मीटरचा पोलादी कळस सुट्या भागांत आणून इमारतीच्या पोटातच गुपचूप ठेवला होता. वॉल स्ट्रीटवरचा प्रतिस्पर्धी आपणच उंच म्हणून निर्धास्त झाल्यावर तो दीडेक तासात वर काढला. ३१९ मीटरचा हा तोरा १९३१ मध्ये ३८१ मीटरच्या एम्पायर स्टेटने उतरवला, ते सोडा. पुढे क्वालालंपूरचे पेट्रोनास मनोरे शिकागोच्या सीअर्स टॉवरपेक्षा दहाएक मीटरने उंच ठरले तेही कळसांच्या जोरावर. सीअर्सचा शेवटचा मजला खरे तर त्यांच्याहून उंचावर होता, पण त्याच्या माथ्यावरचे अँटेना हिशेबात धरले नाहीत. कळस हा वास्तूचा भाग आणि अँटेना हे नुसते उपकरण, असा हा न्याय. धाकट्याचे केस यांपैकी कशात मोडतात, ते मी अजून ठरवलेले नाही.

चौकटीवरच्या रेघा पुढे रंगाखाली गेल्या.

गेल्या महिन्यात एका तपासणीत माझी उंची घेतली, ती दीड सेंटिमीटर कमी भरली. पुन्हा घ्या म्हणालो आणि या खेपेस टाचा किंचित उचलल्या. मोजणाऱ्या बाईंनी काही न बोलता खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबले.