तुम्ही विचारलंत म्हणून : आईचं बोट

"महासाथीत सगळीकडून वाईटच कानावर येत होतं, तेव्हा तुम्ही आशा कशी टिकवलीत?" असं मला अजूनही विचारतात. विचारणाऱ्याला बहुधा काहीतरी मोठं ऐकायचं असतं. माझं उत्तर बोटाला लावायच्या चिमट्याएवढं आहे.

तेव्हा कोणीतरी सुचवलं म्हणून रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायला घेतल्या होत्या. चौथ्या दिवशी 'पंखा चालू आहे' असं लिहिलं आणि वही मिटली. ओढूनताणून कृतज्ञ व्हायला मला जमत नाही.

मग आई आजारी पडली आणि तीच वही आकडे टिपायला काढली. दर चार तासांनी ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा चिमटा, तिच्या बोटाला लावायचा. ९५, ९६, ९५. एका रात्री एकदम ९१. घाबरून डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, "बोट गार आहे का बघा. चोळून गरम करा आणि पुन्हा लावा." गार बोटात रक्त कमी खेळतं, यंत्र फसतं. मास्क, हातमोजे, सगळा जामानिमा करून मी तिचा हात चोळत बसले. कितीतरी दिवसांनी तिला हात लावला होता. ९६.

झोप उडालीच होती, म्हणून हे यंत्र चालतं कसं ते वाचलं. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त ते कमीजास्त शोषतं. पण खरी गंमत पुढेच. ताकुओ आओयागी हे जपानी अभियंते हृदय किती रक्त ढकलतं ते मोजत होते आणि नाडीच्या ठोक्यांनी त्यांचं मोजमाप बिघडत होतं. ते ठोके घालवायच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं, की रोहिणीतल्या रक्तातला ऑक्सिजन ह्या ठोक्यांवरूनच कळेल! १९७४ साली त्यांनी ते मांडलं. १८ एप्रिल २०२० ला ते गेले, वयाच्या ८४ व्या वर्षी. म्हणजे त्यांच्या ह्या चिमट्याची घरोघरी गरज पडू लागली होती, नेमकी तेव्हा.

त्या रात्री वहीत ९६ च्या पुढे मी त्यांचं नाव लिहिलं.

पहाटे पुन्हा चिमटा घेऊन गेले. हात चांगला ऊबदार होता, चोळायची गरज नव्हती. आई डोळे न उघडता म्हणाली, "तरी चोळ."