मोजून झालं, पण किती?

गणिताच्या गप्पांसाठी मी उद्दिष्ट कसं लिहिते, ते तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बालवाडीच्या नव्या ताया हमखास विचारतात, "ताई, गणिताच्या गप्पांना उद्दिष्ट कसलं ठरवायचं? पोरं गप्पा कुठल्या कुठं नेतात." खरं आहे. आमच्या तासगाव भागातल्या पोरांपुढं बेदाणे ठेवले, की गप्पा थेट आज्जीच्या बेदाणे वाळवायच्या शेडपर्यंत जातात. (निम्मे बेदाणे पोटात, ते वेगळंच.)

मीही आधी टाचणवहीत, म्हणजे पाठाच्या आखणीच्या वहीत, '१ ते १० ची ओळख' असंच लिहायचे. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं बालवाटिकेचं (पहिलीच्या आधीच्या वर्गाचं) गणितातलं लक्ष्यही १० पर्यंतचे अंक ओळखून वाचणं हेच, त्यामुळं वहीवर सही मुकाट व्हायची. पण ते झालं वर्षाचं. आजच्या दहा मिनिटांत मी नेमकं काय ऐकायचं, ते त्यातून कळायचं नाही.

ते कळलं एका पोरीमुळं. सात बेदाणे तिनं एकेकाला बोट लावून चोख मोजले. म्हटलं, "किती गं?" तिनं परत एक, दोन, तीन सुरू केलं. पुन्हा विचारलं, पुन्हा मोजले. वर माझ्याकडं असं बघितलं, जणू बाईंना ऐकूच येत नाही. आकडे पाठ, बोटही बरोबर. पण शेवटचा 'सात' म्हणजे सगळे मिळून सात, हे बसलंच नव्हतं. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वं मांडली, त्यातलंच हे एक.

तेव्हापासून एका वेळी एकच ओळ लिहिते, तीही पोर काय करेल अशी: 'मोजून झाल्यावर परत न मोजता किती ते सांगेल.' मग गप्पा शेडवर गेल्या तरी बिघडत नाही. तिथंच विचारायचं, "रॅकला कप्पे किती?" आणि उत्तर आलं की "शाब्बास" गिळून "कशावरून?" म्हणायचं. हे गिळणं मला अजून जड जातं.

पालक म्हणतात, "बाई, आमचा शंभरपर्यंत म्हणतो की!" मी वाद घालत नाही. म्हणते, आज रात्री घरात जेवढी माणसं तेवढी ताटं त्याला एका खेपेत आणायला सांगा.

ती पोरगी पुढं झटक्यात "सात" म्हणायला लागली. मी खूश. तेच बेदाणे जरा लांब लांब पसरले नि विचारलं, "आता?"

"आता लई झाले," म्हणाली.

लिहिली वहीत नवी ओळ.