पेटीवाला कोण?

रविवार, रात्री पावणेबारा

जुन्या बाजारात आज पुन्हा पैसे उडवले. एकच रेकॉर्ड घ्यायची असं ठरवून गेलो आणि पाच घेऊन आलो. त्यातली एक ७८ची (मिनिटाला ७८ फेरे), लाखेची, नाट्यपदाची. कडेला टवका उडालाय, पण खोबणीपर्यंत गेलेला नाही. पाण्याने हलक्या हाताने पुसली. (स्पिरिट लावायचं नाही, लाख विरघळते. एकदा लावून बसलोय, तेव्हापासून लक्षात आहे.) मग जाड सुई लावली आणि ऐकत बसलो.

गाणं ठीकच आहे. पण गायिका श्वास घेते त्या फटीत पेटीवाला जे काही करून जातो, ते भारी आहे. ती थांबली की हा अर्धी मात्रा उशिरा येतो, चार सूर टाकतो आणि ती परत यायच्या आत बाजूला होतो. ते चार सूर मी नव्या ट्रॅकसाठी कापून घेतले. पट्टी काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी अडकलेली, तबकडीचा वेग जरा इकडेतिकडे असणार. तशीच ठेवली. खाली ड्रम टाकले, बेस टाकला. खरखर काढायचा मोह झाला होता, आवरला.

काम करता करता 'द ग्रे अल्बम' लावला होता. वर्षातून दोनदा तरी लागतोच. डेंजर माउसने, म्हणजे ब्रायन बर्टनने, २००४ मध्ये स्वतःच काढलेला. शब्द रॅपर जे-झीच्या 'ब्लॅक अल्बम'मधले आणि बाकी जवळजवळ सगळं बीटल्सच्या १९६८च्या 'व्हाइट अल्बम'मधलं. लोक हे 'दोन अल्बम एकत्र केले' असं सांगतात आणि माझं डोकं फिरतं. एकावर एक ठेवून काही होत नाही हो! 'जूलिया' घ्या. लेननची एकट्याची गिटार, आईवरचं गाणं, जवळपास अंगाईच. तिचे बर्टनने इतके बारीक तुकडे केलेत की 'डर्ट ऑफ युवर शोल्डर'मध्ये ती गिटार उचकी लागल्यासारखी वाजते. किक, स्नेअर, झांजा, सगळं बीटल्सच्या रिंगोच्या ड्रममधून वेचून काढलेलं. मसाल्यासाठी तीळ निवडावेत तसं.

प्रती काढल्या तीनेक हजार. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क असलेल्या ईएमआय कंपनीची नोटीस आली, त्याने वाटप थांबवलं. मग २४ फेब्रुवारी २००४ला दीडशेहून जास्त साइट्सनी निषेध म्हणून तो दिवसभर फुकट ठेवला. विकला मात्र तो आजतागायत कधी गेला नाही.

एवढं होईपर्यंत बाबा दारात उभे. "अरे, हे काय केलंस?" मला वाटलं आता नाट्यसंगीताची वाट लावली म्हणून ऐकून घ्यावं लागणार. पण ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "पेटीवर कोण आहे रे?"

लेबल बघितलं. गायिकेचं नाव आहे, नाटकाचं आहे, कंपनीचं तर केवढ्या मोठ्या अक्षरात. पेटीवाला नाही. तबलजीही नाही.

हक्कांचं गणित मला पाठ आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं, म्हणजे ही तबकडी त्यातून केव्हाच सुटली. चाल आणि शब्द वेगळे, ते कवी-संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. या सगळ्या हिशोबात पेटीवाला कुठेच येत नाही. ज्याचे सूर मी उचललेत, नेमका तोच!

बप्पी लाहिरींचं आठवलं. २००२ मध्ये अमेरिकन गायिका ट्रूथ हर्ट्सच्या 'अ‍ॅडिक्टिव्ह' गाण्यामध्ये लताबाईंनी गायलेलं, लाहिरींच्या चालीचं 'थोडा रेशम लगता है' न विचारता उचललं होतं, १९८१च्या 'ज्योती'तलं. लॉस एंजेलिसच्या कोर्टाने सांगितलं, लाहिरींचं नाव छापा नाहीतर विक्री थांबवा. पैशांचं भांडण होतंच, पण आधी नाव. आणि तिकडे 'व्हाइट अल्बम'वरच 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स'मध्ये खुद्द एरिक क्लॅप्टन, एवढा नावाजलेला गिटारवादक, वाजवतोय आणि मूळ पाकिटावर त्याचं नाव नाही. त्याचं काही अडलं नाही म्हणा, तो क्लॅप्टन आहे.

मी बाबांना म्हटलं, "जाऊ दे, 'पेटी: अज्ञात' लिहितो." ते चिडलेच. "अज्ञात कसला? सदाशिव पेठेत काका आहेत ना, त्यांना दोन सूर ऐकव, कोणाचा हात आहे ते सांगतील." काका म्हणजे त्यांचे नाटकातले जुने मित्र, वय ऐंशीच्या पुढे.

मग म्हणाले, ते ढोल काढून नुसती पेटी लाव. लावली. चार सूर, परत चार सूर, परत तेच. दहा मिनिटं ऐकत बसले.

सकाळी फोन करायचाय. नऊच्या आत नको म्हणाले, काका रियाजाला बसलेले असतात.