दंडाच्या पावत्या आणि आमचा वनहक्काचा दावा

आमचा धनगरवाडा कोयना आणि वारणा या दोन खोऱ्यांच्या मधल्या धारेवर आहे. घरं थोडकीच, तीही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. मतदान खालच्या गावात, रेशन खालच्या गावात, जनगणनेतसुद्धा आम्ही खालच्याच गावात मोजलेले. जिथे आमच्या चुली पेटतात तिथे नकाशावर नुसतं 'फॉरेस्ट' लिहिलेलं.

मी या वाड्यावरची सून. बारावी झालेली, म्हणून दावे गोळा करून तपासणाऱ्या वनहक्क समितीचं सचिवपण माझ्याकडे आलं. समितीत दहा ते पंधरा माणसं लागतात आणि त्यात निदान एक तृतीयांश बाया हव्यात, असा नियम आहे. आमचे बापे मुंबईला माथाडीत, त्यामुळे आम्हाला बाया नाही, बापेच शोधावे लागले.

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ ला जी वनजमीन तुम्ही कसत होता, तिच्यावर कुटुंबामागे जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. पण आम्ही अनुसूचित जमातीत येत नाही, 'इतर पारंपरिक वननिवासी' या गटात येतो. त्या गटाला आणखी एक गोष्ट दाखवावी लागते: त्या तारखेच्या आधी तीन पिढ्या इथेच राहतोय आणि पोट जंगलावर आहे. पिढी धरायची पंचवीस वर्षांची, म्हणजे हिशेब जातो १९३० पर्यंत. १९३० साली आमच्या वाड्यावर अक्षर ओळखणारं कोण असणार?

त्यात कुणीतरी वाड्यावर पसरवलं की २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आता या डोंगरात दावेच चालत नाहीत. निम्मी माणसं तिथेच गार पडली. कायद्यात वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानही धरलंय, हे मी ते पान उघडून चार घरांत वाचून दाखवलं तेव्हा कुठे फॉर्म भरायला लोक बसले.

पुराव्यांची यादी या कायद्याच्या नियम १३ मध्ये आहे आणि ती मला फार आवडली. सरकारी कागद हवेतच असं नाही. जुनी विहीर, दफनभूमी, देवाची जागा, बांधबंदिस्ती, वंशावळ, म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, सगळं चालतं. फक्त एकाहून जास्त पुरावे जोडायचे. ते काम आम्ही पायी फिरून केलं. पडक्या घरांची जोती, नाचणीच्या जुन्या ताली (उतारावर बांध घातलेले शेताचे तुकडे), पाण्याची दगडी बांधीव कुंडी, देवराईतले शेंदूर लावलेले दगड. कागदावर जागा आखून मोबाईलवर फोटो काढायचे, जळवा झटकायच्या आणि पुढे.

खरा माल सासूबाईंच्या (मी त्यांना आत्या म्हणते) पेटीत निघाला. वनखात्याच्या पावत्या! चराईच्या, आणि त्याहून जास्त दंडाच्या. आजेसासऱ्यांनी जंगलात नाचणी केली म्हणून दंड, जनावरं जास्त म्हणून दंड. "परत मागायला आले तर दाखवायला ठेवल्यात," आत्या म्हणाल्या. मी हरखून गेले. ज्या कागदांनी या घराला गुन्हेगार ठरवलं तेच आता सांगत होते की हे घर तेव्हाही इथेच होतं. मग घरोघरी फळकुटं, गाडगी, छपराचे वासे धुंडाळले. अर्ध्या पावत्या वाळवीने खाल्लेल्या, पण तारीख आणि शिक्का दिसला तरी पुरे.

अडलं ते जबाबावर. जबाब देणारा म्हातारा स्वतः दावेदार नसावा लागतो, आणि आमच्याकडचे झाडून सगळे म्हातारे दावेदार! शेवटी घाट उतरून कोकणातल्या एका गावात गेलो. आमची माणसं पूर्वी लोणी-तूप घेऊन तिकडे उतरायची आणि भात घेऊन चढायची. तिथल्या नव्वदीच्या एका आजोबांनी आमच्या आजेसासऱ्यांच्या बापाचं नाव न अडखळता घेतलं, कोणत्या घरात लोणी किती मापाने जायचं तेही सांगितलं. वंशावळीतलं एक नाव आम्ही चुलत्याच्या जागी टाकलं होतं, ते त्यांनी थोरल्या भावाच्या जागी नेलं. जबाबावर अंगठा उठवताना म्हणाले, "तुमच्या म्हशी अजून आहेत का?" आहेत, पण लोणी आता कोण विकतं?

ग्रामसभेला निम्मी प्रौढ माणसं हजर लागतात. आम्ही ती शिमग्यात लावली. शिमग्याला मुंबईकर येतातच.

पडताळणीला समितीबरोबर वनखात्याचा आणि महसूलचा माणूस यावा लागतो. पहिल्या तारखेला कुणीच आलं नाही, दुसऱ्या वेळी आले. झाडीखाली जीपीएस आकडा धरीना, म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर थांबायचं. एका खाचराच्या कडेला गवे उभे होते, ते हटेपर्यंत मोजणीही उभी राहिली. ठराव झाला, फाईल उपविभागीय समितीकडे गेली.

ती परत आली ऐन पावसाळ्यात. शेरा: पंचाहत्तर वर्षांचा ताबा सिद्ध होत नाही.

आमच्याकडचा पाऊस खाली राहणाऱ्यांना सांगून कळत नाही. मृगापासून दसऱ्यापर्यंत घराच्या चारी बाजूंनी गवताच्या झडी बांधलेल्या असतात, आत दिवसाही अंधार. चूल विझू द्यायची नाही, कारण कपडे तिच्यावरच वाळतात. बिबट्याच्या भीतीने रेडकं माणसांबरोबर घरात. ओढे चढले की वाट बंद. कुणी आजारी पडलं तर झोळी करायची आणि ओढा उतरायची वाट बघायची. रेंज फक्त वरच्या कातळावर, आणि कातळावर जाऊन उभं राहावं असं ते वारं नसतं. अशात जिल्हा समितीकडे अपील साठ दिवसांत करायचं. हे साठ दिवस ठरवणाऱ्याने जुलैत एखादा घाट चढून बघावा, एवढंच म्हणते.

अपील मी चुलीपुढे बसून लिहिलं. मुद्दा एकच. पंचाहत्तर वर्षांची अट राहण्याची आणि जंगलावर अवलंबून असण्याची आहे, त्या विशिष्ट तुकड्याच्या ताब्याची नाही. ताबा २००५ चा दाखवायचा, आणि तो दाखवलाय. शिवाय ठराव अपुरा वाटला तर दावा फेटाळायचा नसतो, कारण लिहून फेरविचारासाठी ग्रामसभेकडे पाठवायचा असतो, हे नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट आहे. दंडाच्या पावत्या, जबाब, वंशावळ पुन्हा जोडली. कागद तुपाच्या किटलीत घालून, झाकण कापडाने आवळून दीर खाली घेऊन गेले. पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलायचं नाही, असं त्यांना चारदा बजावलं होतं. तिथल्या एका बाबूंनी "ठेवून जा" म्हटल्यावर दीर तिथेच बसून राहिले. पोच आणली.

पुढे दावे फेरविचाराला आले, पुन्हा ठराव, पुन्हा फाईल. बऱ्याच घरांना हक्कपत्र मिळालं, सगळ्यांना नाही. मागितलं तेवढं क्षेत्रही बहुतेकांना मिळालं नाही. पडीक टाकलेल्या ताली मोजणीतून वगळल्या, म्हणजे नाचणीला जमीन विसावा मागते हे कुणाच्या हिशेबात नाही. हक्कपत्रावर नवरा-बायको दोघांची नावं येतात. जमीन वारसाने जाते, विकता येत नाही. आत्यांनी स्वतःचं नाव छापलेलं पहिल्यांदा पाहिलं आणि लगेच विचारलं, "मग आता दंड नाही ना?"

चराईचं रान आणि देवराई यांच्यावरचा सामूहिक दावा वेगळा आहे, तो अजून वर पडून आहे. मध्यंतरी मी वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचून ठेवलंय. रस्ता, शाळा, अंगणवाडी, पाण्याची पाइपलाइन अशा कामांना ग्रामसभेच्या शिफारशीवर प्रत्येकी एक हेक्टरच्या आत वनजमीन मिळू शकते, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं न तोडता. आमच्या वाटेवर कुठे किती झाडं येतात ते पोरं मोजताहेत. शिमग्याच्या ग्रामसभेत रस्त्याचा ठराव ठेवणार आहोत.